प्रतिक्षाचं सातव्या महिन्याचं ताट

सोमवारी नागपूरहून फोन आला तेव्हापासून रंभाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

फोन सुनेला आला होता. "किती? साडेआठ?" एवढंच प्रतिक्षा बोलली आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. दर आठवड्याला ती बोट टोचून जाड कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब भरायची, कागद वाळवायची आणि नवरा प्रफुल्ल तो कुरिअरनं नागपूरला पाठवायचा. आकडा दोन ते सहाच्या आत हवा. दिवस राहण्याच्याही आधीपासून तिनं तो आत ठेवला होता. मागच्या आठवड्यात पावणेसहा झाला, आणि आता साडेआठ.

प्रतिक्षाला जन्मापासून पीकेयू. प्रथिनांतला एक घटक तिच्या शरीराला मोडता येत नाही. तो रक्तात साचतो आणि मेंदूला इजा करतो; आकडा त्याचाच. म्हणून डाळ, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे बंद. भातसुद्धा काट्यावर तोलून. बाकीची गरज उग्र वासाच्या भुकटीवर, जी पाण्यात ढवळून दिवसातून तीनदा प्यायची, आणि सकाळी पाण्यात विरघळवायच्या गोळ्या. लग्न ठरायच्या वेळी तिनं हे सगळं होणाऱ्या सासऱ्यांसमोर, केशवरावांसमोर बसून स्वतःच सांगितलं होतं. गरोदरपणी आकडा चढला तर बाळाचा मेंदू आणि हृदय धोक्यात येतं, हेही तिनंच सांगितलं होतं.

सोमवारपासून तिनं ताटातला भात आणखी कमी केला. लाखनीच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवणारी पोरगी. तीन दिवस वही घेऊन बसली, गेल्या पंधरवड्यातला घास न् घास पुन्हा मोजला. चूक सापडेना.

चूक रंभाबाईंना ठाऊक होती.

प्रतिक्षाच्या पोळीचं जवळजवळ बिनप्रथिनांचं पांढरं पीठ नागपूरहून यायचं. लाटताना फाटायचं, तव्यावर कडक व्हायचं. सातव्या महिन्यातल्या पोरीनं असलं चावत बसावं हे रंभाबाईंना पाहवेना. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी त्या पिठात दोन मुठी गव्हाची कणीक मिसळली. पोळी मऊ झाली. "आई, तुमचा हात बसला आता या पिठावर," प्रतिक्षा हसून म्हणाली होती. मग रंभाबाईंनी रोजच मिसळली.

सोमवारी त्यांनी तो डबा गुपचूप गाईच्या आंबोणात रिकामा केला आणि नवं पाकीट फोडलं. पण बोलल्या नाहीत. आणि आज गुरुवारी, सुनेच्या ओटीभरणाच्या दिवशी, घरात माणसं जमायला लागली तरी त्या बोलल्या नव्हत्या.

"रंभा, वड्याचं पीठ फेटलं का?" सुलोचनाबाईंनी स्वयंपाकघरात येऊन विचारलं. केशवरावांची ही मोठी बहीण कालच भंडाऱ्याहून आली होती. घरातलं प्रत्येक कार्य तिच्या शब्दानं व्हायचं.

"फेटलं, अक्काजी. पण उडीद तिले चालत नाही."

"तिले नाही चालत, पण रीतीले तर चालते? पाच सवाष्णींनी वडा अन् खीर भरवल्याबिगर ओटी कशी भरते वो? तुह्या वेळेस मीच भरवली होती. प्रफुल्ल कसा धडधाकट झाला, पाहून राहिली ना?"

रंभाबाईंनी तेल तापत ठेवलं. काल संध्याकाळी याच ओट्याजवळ उभं राहून अक्काजींनी प्रतिक्षाच्या आईला फोन लावला होता. "इहीनबाई, उद्या वेळेवर या. पण पोराले घरीच ठेवजा. ओटीच्या पाटासमोर असं माणूस नको." रंभाबाई बाजूलाच भाजी चिरत होत्या. तेव्हाही त्या गप्पच राहिल्या होत्या.

*

प्रतिक्षाची आई तुळसा सकाळी नाकाडोंगरीहून निघाली ती मुलाला, चंद्रकुमारला घेऊनच.

तिनं त्याला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केस विंचरले. चंद्रकुमार तीस वर्षांचा. त्याला दोनच शब्द येत. एक "आई" आणि दुसरा "तिक्सा". तिक्सा म्हणजे त्याची धाकटी बहीण. तुमसरला बस बदलताना त्याला गर्दीची भीती वाटली, तो जागच्या जागी झुलायला लागला. तुळसानं त्याचा हात आपल्या पदरात गुंडाळून धरला. "तिक्साकडे जाऊन राहिलो ना आपण," ती म्हणाली, तसा तो शांत झाला. दुसऱ्या हातात स्टीलचा पाच खणांचा डबा होता. तो तिनं प्रवासभर मांडीवरून खाली ठेवला नाही.

चंद्रकुमार जन्मला तेव्हा गोरापान, भुऱ्या केसांचा. सगळं गाव पाहायला आलं होतं. वर्षाचा झाला तरी बसेना. त्याच्या लंगोटाला उंदरासारखा वास यायचा. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं ताकद नाही. म्हणून तुळसानं त्याला जास्त दूध दिलं, वरणाचं घट्ट पाणी दिलं, अंडी दिली. पाच वर्षं. मग खाणीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं त्या वासावरून ओळखलं आणि रक्त मुंबईला पाठवलं. आकडा आला, तेव्हा तुळसाला नववा महिना होता.

"याच्यासाठी उशीर झाला," डॉक्टरीण म्हणाली होती. "पोटातल्याची तपासणी जन्मल्याबरोबर करू."

प्रतिक्षाला आठव्या दिवशी कळलं. बाराव्या दिवशी भुकटी सुरू झाली. तुळसा वजन करायला शिकली, आकडे वाचायला शिकली. नवरा धनीराम खाणीतून सुटला की जंगलाच्या कडेनं तिखुराचे कंद खणून आणायचा. ते किसून, सात पाण्यांनी धुवून खाली बसणारं पांढरं पीठ तुळसा वाळवायची. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, हे नागपूरच्या आहारतज्ज्ञ बाईंनी पिठाची पुडी तपासून सांगितलं, तेव्हा धनीराम दवाखान्याच्या बाकावर बसून रडला होता. आता त्याला जाऊन आठ वर्षं झाली.

लाखनीच्या घराच्या दारात सुलोचनाबाई उभ्याच होत्या.

"सांगितलं होतं ना इहीनबाई?"

"सांगितलं होतं," तुळसा म्हणाली. "पण अक्काजी, माही पोरगी आज या पाटावर बसून राहिली ते याच्यामुळे. याले मागं ठेवून मी कोणत्या तोंडानं ओटी भरू?"

"अवो, पण चार लोक येतात..."

"येऊ द्या. पाहू द्या."

आवाज ऐकून प्रफुल्ल बाहेर आला. महामार्गावर त्याचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान होतं. आज बंद ठेवलं होतं. आत्याच्या चेहऱ्याकडे त्यानं पाहिलं, मग चंद्रकुमारकडे.

"दादा, चला. बाबांपाशी बसू," म्हणत त्यानं त्याचा हात धरला आणि आत नेलं.

पुरुषमंडळी समोरच्या खोलीत होती. केशवरावांनी सतरंजीवर आपल्या बाजूची जागा हातानं झाडली. "ये बापा, इथं बस. पंखा लागते इथं." बाकीचे सरकले. चंद्रकुमार बसला आणि केशवरावांच्या धोतराचा काठ चिमटीत धरून राहिला. केशवरावांनी तो सोडवला नाही.

हे सगळं रंभाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. नवऱ्याला आणि मुलाला जे इतकं सहज जमलं ते आपल्याला काल का जमलं नाही, हे त्यांच्या मनात टोचत राहिलं.

*

प्रतिक्षाला हिरवं लुगडं नेसवलं होतं, केसांत शेवंती. पाटावर बसली तेव्हा बाळानं आतून लाथ मारली. तिनं पोटावर हात ठेवला. तीन दिवस ती त्याच्याशी मनातल्या मनात एकच बोलत होती: माझं काय चुकलं ते कळलं की लगेच नीट करीन, तोवर सांभाळून घे.

अकरा बायका जमल्या होत्या. हळदीकुंकू झालं, ओटी भरून झाली. मग सुलोचनाबाईंनी मोठं ताट आणून समोर ठेवलं. उडदाचे वडे, शेवयांची दुधातली खीर, पुरणपोळी, वाटीभर वरण.

"घे, तोंड उघड," म्हणून त्यांनी वड्याचा तुकडा खिरीत बुडवला.

"आत्याबाई, मी हे नाही खाऊ शकत."

"पोटभर खा म्हणते का मी? एक घास. एका घासानं काय होते?"

"एका घासानं काही होत नाही," प्रतिक्षा म्हणाली. शाळेत मुलांना समजावताना होतो तसा तिचा आवाज झाला होता. "पण इथं अकराजणी आहेत. कोणाला हो म्हणू, कोणाला नाही? आणि माझा आकडा आधीच चढलाय. सोमवारी साडेआठ आला."

बायकांत कुजबुज झाली. तुळसा ताडकन पुढं सरकली. "साडेआठ? मले काहून नाही सांगितलं?"

"तू घाबरली असतीस, आई."

"पाहा!" सुलोचनाबाईंनी घास ताटात टाकला. "इतकं तोलून तोलून खाऊन राहिली, तरी चढलाच ना? मंग काय उपेग त्या काट्याचा? तोंडावर कळा नाही, अंगात रक्त नाही. लेकराले उपाशी मारून राहिली ही. आमी का लेकरं नाही जन्माले घातली? अन् वरतून," त्यांनी समोरच्या खोलीकडे मान वळवली, "आजच्या दिवशी ते डोळ्यासमोर आणून बसवलं."

प्रतिक्षाचे कान तापले. पण रडू आलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"तो माझा दादा आहे, आत्याबाई," ती म्हणाली. "आम्ही दोघं अगदी सारखे जन्मलो. हाच आजार, हेच रक्त. फरक एवढाच, की त्याला पाच वर्षं सगळ्यांनी मायेनं दूध पाजलं, मायेनं वरण भरवलं. आणि मला आईनं काळीज घट्ट करून नाही म्हटलं. लग्नाच्या पंगतीत नाही, वाढदिवसाला नाही, मी पाय आपटून रडले तरी नाही. म्हणून मी एमएस्सी झाले. म्हणून मी आज पाटावर आहे. माझ्या बाळालाही मला तसंच वाढवायचंय. आकडा का चढला ते मला अजून सापडलं नाही. चूक माझीच असेल. पण काटा मी सोडणार नाही."

"चूक तुही नाही," दारातून आवाज आला.

रंभाबाई आत आल्या. हाताला तेल होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

"मी केली. तुह्या पिठात मी गव्हाची कणीक मिसळली. रोज दोन मुठी. पंधरा दिवस." त्या पाटाजवळ आल्या. "पोळी फाटे. तू कोरडं चावत बसे, मले पाहवे नाही. मले वाटलं, गव्हानं काय होते. सोमवारी फोन आला तवा समजलं. डबा रिकामा केला मी. पण सांगाची हिंमत नाही झाली. तू वही घेऊन तीन दिवस चूक शोधून राहिली, अन् मी तुह्यासमोर चहा पीत बसली."

प्रतिक्षा सासूकडे पाहत राहिली. आधी तिला चांगलाच राग आला. हिनं एकदा विचारलं असतं तर! आणि त्या रागाच्या मागोमाग छातीवरचा दगड कोणीतरी उचलल्यासारखं झालं. तिचा हिशेब बरोबर होता. सबंध पंधरवड्याचा, घासाघासाचा.

"म्हणजे माझं मोजणं चुकलं नव्हतं," ती म्हणाली आणि आता मात्र तिचे डोळे भरून आले. "आई, तुम्ही मला विचारायला हवं होतं."

"पायजे होतं."

"पुन्हा नका करू."

"मरेपर्यंत नाही."

तुळसा विहिणीच्या समोर येऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं आता ही भांडणार. तुळसाच्या मनातही तेच होतं. पण रंभाबाईंचे तेलकट हात तिला दिसले आणि तिला फार जुनी गोष्ट आठवली.

"मी बी केलं होतं, इहीनबाई," ती हळू म्हणाली. "ही तीन वर्षाची होती. दिराच्या लग्नात बुंदीच्या लाडवासाठी लोळण घेतली हिनं. मी कोपऱ्यात नेऊन दोन लाडू चारले. पंधरा दिवसांनी आकडा पाहून डॉक्टरीण मले एवढंच म्हणाली, तुमाले एक लेकरू पुरलं नाही का? तवापासून नाही चारलं. तुमाले कोणी तसं बोलाची पाळी मी नाही येऊ देणार. वेळेवर सांगितलं तुमी. आता उतरते आकडा."

रंभाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग त्यांनी सुलोचनाबाईंचं ते मोठं ताट दोन्ही हातांनी उचललं.

"कुठं नेऊन राहिली?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

"पंगतीले, अक्काजी. वडे मस्त झाले आहेत, पाहुण्यांले वाढते. माह्या सुनेचं ताट वेगळं आहे." ताट घेऊन त्या वळल्या. "अन् एक सांगते. काल तुमी फोन केला तवा मी गप्प बसली. चंद्रकुमार या घरचा पाहुणा आहे. त्याच्याबद्दल पुन्हा कोणी काही बोलू नये."

चाळीस वर्षांत रंभाबाई नणंदेशी असं कधी बोलल्या नव्हत्या. समोरच्या खोलीतून केशवराव खाकरले. बहिणीला वाटलं भाऊ आता बायकोला गप्प करेल. पण केशवराव आपल्या बाजूच्या पाहुण्याला सांगत होते, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: "अहो, माही सून म्हणजे काय समजता? दीड वर्ष झालं, एक दिवस नागा नाही. ती भुकटी मी एकदा चाखली, तोंडात धरवली नाही मले. ही तीन टाईम पिते, अन् पिऊन शाळेत शिकवाले जाते. आहे का आपल्यात कोणाची छाती?"

*

तुळसानं डबा उघडला. तिखुराच्या वड्या, पांढऱ्या आणि काचेसारख्या आरपार. तिखुराच्या पिठात लाल भोपळा मळून तळलेल्या घाऱ्या. दोडक्याची भाजी. साबुदाण्याचे पापड. खालच्या खणात कोहळ्याचा मुरंबा. प्रत्येक खणावर चिकटपट्टी लावून तिनं आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, एका वडीत किती प्रथिनं, एका घारीत किती.

"सातवी शिकली मी," ती बायकांना म्हणाली, "पण हा आकडा चुकत नाही माहा."

रंभाबाईंनी काटा आणून पाटासमोर ठेवला. पहिली वडी त्यांनी स्वतः तोलली, आकडा मोठ्यानं वाचला. प्रतिक्षानं मान डोलावली. मग त्यांनी ती सुनेच्या तोंडात घातली. दुसऱ्या बाईनं घारीचा तुकडा तोलला. तिसरीनं काट्यावरचा आकडा उलट्या बाजूनं वाचला, तेव्हा हशा पिकला. एकेक जण पुढं येऊन आधी तोलायची, मग भरवायची. कोणी म्हणालं, "माह्या ओटीले कोणी एवढी फिकीर नाही केली वो!"

सुलोचनाबाई भिंतीशी बसून होत्या. दहा जणी झाल्या. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मले चष्म्याबिगर ते बारीक आकडे दिसत नाही," त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या.

प्रतिक्षानं प्रफुल्लला हाक मारली. त्यानं आत्याच्या पिशवीतून चष्मा आणून दिला. सुलोचनाबाईंनी तो चढवला, काट्यावर वडी ठेवली, वाकून पाहिलं.

"अठरा ग्रॅम."

"चालते," प्रतिक्षा म्हणाली.

त्यांनी घास भरवला. माफी वगैरे काही मागितली नाही. थोड्या वेळानं मात्र एक वडी त्यांनी आपल्याही तोंडात टाकली आणि तुळसाला विचारलं, "हे तिखुर भंडाऱ्यात कुठं भेटते?"

पुढच्या आठवड्याचा आकडा सव्वाचार आला, त्याच्या पुढचा पावणेचार. पहिल्या आकड्याचा फोन रंभाबाईंनीच घेतला आणि शेजारच्या चार घरांत जाऊन तो सांगून आल्या. त्यातल्या कोणालाही पीकेयू म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

पण हे नंतरचं. त्या दुपारी पंगती उठल्यावर तुळसा मागच्या अंगणात डबा घासत होती. चंद्रकुमार पायरीवर बसला होता. प्रतिक्षा त्याच्या शेजारी येऊन बसली होती आणि तो तिच्या केसांतली शेवंती पुन्हा पुन्हा हुंगत "तिक्सा, तिक्सा" म्हणत होता.

एक तरणी बाई बराच वेळ नळापाशी घुटमळत होती. ओटी भरायला आलेल्यांपैकीच. बपेऱ्याची रुखमा, केशवरावांच्या नात्यातली.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "तुमचा पोरगा लहानपणी कसा होता?"

"काहून वो?"

रुखमानं इकडंतिकडं पाहिलं. "माही पोरगी चवदा महिन्याची झाली. मान धरते, पण बसत नाही. हाक मारली तर पाहत नाही. सासू म्हणते, काही पोरी उशिरा बसतात. मी बी तेच म्हणते सगळ्यांले. आज त्याले दारातून आत येताना पाहिलं," तिनं चंद्रकुमारकडे बोट केलं, "अन् माही पोरगीच डोळ्यापुढं आली."

तुळसानं हात धुतले. आपल्या मुलाकडे बोट दाखवून लोक बोलतात हे तिला नवीन नव्हतं. पण या बोटामागं आज तिरस्कार नव्हता. ही बाई त्याच्याकडे पाहून जागी झाली होती.

"तुह्या पोरीले हेच असेल असं नाही," ती म्हणाली. "दुसरंही काही असते, अन् काही नसतेही. ते मले नाही सांगता येत. रक्त सांगते. पोरगी कुठं आहे आता?"

"घरी. सासूपाशी."

"प्रतिक्षा, तुह्या डॉक्टरीणबाईचा नंबर दे इले." मग ती रुखमाकडे वळली. "उद्या पहाटे पोरगी घेऊन तुमसरच्या स्टँडवर ये. मी नागपूरले संग येते."

"उद्याच? सोमवारी आलं तर? घरी विचाराले लागन..."

"घरी सांग, विचारू नको," तुळसा म्हणाली. तिनं चंद्रकुमारच्या शर्टाची निघालेली गुंडी लावली. "मी पाच वर्षं विचारत बसली होती."